धुराड्यामागची डोलकाठी

पुरुषोत्तम केळशीकर काकांच्या बोटीचं आमच्या मराठी मंडळाने जे केलं, त्याचा मला अजून संताप येतो. 'जाऊ दे ना, किती ताणायचं' म्हणणाऱ्यांचा तर जास्तच येतो.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या आश्लेषाचे वडील. वय शहात्तर. मुंबईच्या एका गोदीत ड्रॉइंग ऑफिसात उभी हयात काढलेला माणूस. बायको गेल्यावर इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला लेकीकडे आले, ते शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी घेऊनच. संध्याकाळी फिरायला निघाले की डेटा सेंटरच्या भिंती बघत चालायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. "एवढा मोठा डबा, आणि आतल्या माणसाला बाहेर बघायला एक खिडकी नाही! हे ड्रॉइंग पास कोणी केलं गं, सुलेखा?" जणू मीच सही केली होती.

बेसमेंटमध्ये चौदा महिने खपून त्यांनी चार फुटी युद्धनौका बनवली. ड्रेडनॉट, १९०६ सालची, इंग्रजांची. दहा अवाढव्य तोफा आणि टर्बाइनचं इंजिन. ती पाण्यात उतरली आणि जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका एकदम जुनाट ठरल्या. सगळे देश मग तशाच नौका बांधायच्या मागे लागले. पण काकांचा जीव तोफांत नव्हता. तो अडकला होता डोलकाठीत.

तोफेचा गोळा कुठे पडतो ते बघायला त्या डोलकाठीवर माणसं बसायची. आणि ही डोलकाठी उभी केली होती धुराड्याच्या मागे! जहाज निघालं की कोळशाचा गरम धूर थेट त्यांच्या नाकातोंडात.

"का माहितीये?" काका तावातावाने सांगायचे. "होड्या उचलायला तिथे सोयीची पडत होती म्हणून! बरं, पुढच्या जहाजांत चूक सुधारली आणि नंतरच्या काहींत पुन्हा तीच केली. वर बसणाऱ्याला विचारतो कोण?"

हा राग शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजांवरचा नव्हता, हे मला एकदा चहा पिताना कळलं. १९७६ साली एका मालवाहू बोटीच्या दुरुस्तीचं ड्रॉइंग काकांकडे होतं. वाफेचा व्हॉल्व्ह शिडीच्या बरोबर वर आलेला. काकांनी लाल पेन्सिलीने त्याला गोल केला. साहेब म्हणाले, "केळशीकर, पार्टीला लाल खुणा दाखवायच्या नसतात." काकांनी खूण खोडली आणि खाली सही केली. दोन महिन्यांनी यशवंत नावाच्या फिटरचा हात त्या शिडीवर खांद्यापर्यंत भाजला. चौकशीत साहेब म्हणाले, कोणी लक्षातच आणून दिलं नाही. काका तिथेच उभे होते. गप्प.

म्हणून ही बोट. चूक जशीच्या तशी लोकांना दाखवायची होती त्यांना. एवढंच मागणं होतं त्या माणसाचं.

गणेशोत्सवाला आम्ही शाळेचा हॉल घेतो, आणि एका बाजूला सभासदांच्या कलाकृती मांडतो. शुक्रवारी काका बोट ठेवून गेले. सोबत त्यांच्या सुरेख अक्षरातली, ती चूक समजावणारी पाटी होती, तीही मराठीत आहे म्हणून कोणी वाचली नाही. मराठी मंडळात! सजावट प्रमुख नकुल, ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, त्याने इथेही काढली. धुराडं पुढे आणि डोलकाठी मागे? काकांकडून उलटं लागलं असणार. त्याने ती उपटली आणि धुराड्याच्या पुढे सुपरग्लूने चिकटवली.

शनिवारी काका नवा कुर्ता घालून आले. बोटीसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कोणी केलं हे?"

"काका, डोन्ट वरी, आम्ही फिक्स केलं," नकुल हसत म्हणाला. "आता परफेक्ट दिसतंय."

"हे फिक्स नाही केलंस. हे खोडलंस तू!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. "चिल काका, मॉडेलच आहे यार," असं मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. शहात्तर वर्षांचा माणूस भर सणात सगळ्यांसमोर उभा आहे आणि हे हसतायत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकुलला चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

कारण शुक्रवारी नकुलने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून विचारलं होतं, 'हे उलटं लागलंय ना? फिक्स करू?' त्याखाली पहिला अंगठा माझा होता. ती डोलकाठी मागे का आहे, हे त्या ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं. मोदकांची ऑर्डर बघता बघता मी फोटो न उघडताच अंगठा ठोकला होता.

काकांनी कोणाशी वाद घातला नाही. पट्टी घालून डोलकाठी उचकटली. टोकाचा छोटा सज्जा तुटला, तो खिशात ठेवला. मग गोंद लावून ती धुराड्यामागे तिच्या जागी उभी केली.

"सुलेखा, धर जरा. दहा मिनिटं हलू देऊ नकोस."

त्यांनी दुसऱ्या कोणाला नाही, मला सांगितलं. विश्वासाने. दोन बोटांत ती काडी धरून मी उभी होते, समोर आरतीला लोक जमत होते. गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं.

"काका, नकुलने आधी विचारलं होतं," मी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी हो म्हटलं. न बघता."

नकुलने मान खाली घातली. काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"एका दिवसात बोललीस," ते म्हणाले. "मी यशवंतला अजून सांगितलेलं नाही."