नग म्हणजे जोडी

गमबुटांच्या कारखान्यात महिन्याचा अहवाल तयार करणाऱ्या बाईंना सगळे शंकाकाकू म्हणत. एकोणीस वर्षांत एकही आकडा त्यांनी दोनदा विचारल्याशिवाय कागदावर उतरवला नव्हता. घरी नवरा "पाच मिनिटांत येतो" म्हणाला, तरी त्या विचारत, "कधीपासून धरून पाच?"

त्या महिन्यात उत्पादन खात्याने कळवलं, तीन हजार नग तयार. गोदामाने कळवलं, सहा हजार नग जमा. नव्या मॅनेजरसाहेबांना मोठा आकडा आवडला. उत्पादन दुप्पट झालं, असं त्यांनी मालकांना फोनवर सांगूनही टाकलं.

"मग वरचे तीन हजार बनवले कुणी?" काकूंनी विचारलं.

"चांगल्या बातमीतही खडे शोधता तुम्ही, काकू."

काकू तडक गोदामात गेल्या. जुने गोदामवाले निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेला गृहस्थ एकेका बुटाला खडूने टिंब करत बसला होता.

"डावा एक, उजवा एक," तो शांतपणे म्हणाला. "दोन असताना एक लिहून खोटं कशाला बोलू?"

काकूंना रागावताही येईना. नग म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी ते कागदावरही आणलं नव्हतं, आणि त्या 'कुणी'मध्ये आपणही आलो, हे त्यांना चांगलंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मालक कौतुक करायला स्वतः हजर. काकूंकडून खरा प्रकार कळलेले मॅनेजरसाहेब फाइलमध्ये डोकं घालून बसले.

काकूच पुढे झाल्या. "बूट सहा हजारच आहेत, मालक. पण माणसाला पाय दोन असतात."

मालक ठसका लागेपर्यंत हसले. ते हसताहेत याची खात्री करून मॅनेजरसाहेबही हसले.

काकूंनी त्याच दुपारी एका पुठ्ठ्यावर "नग म्हणजे जोडी" असं ठसठशीत लिहिलं, खाली सगळ्या खात्यांच्या सह्या घेतल्या आणि प्रत्येक खात्यात त्याची एकेक प्रत डकवली. पुढच्या महिन्यात सगळ्यांचे आकडे पहिल्या फटक्यात जुळले. काकूंना तरी शंका आलीच. त्यांनी ते पुन्हा ताडून पाहिले.

एवढ्यात गोदामातून फोन आला. "काकू, एका गिऱ्हाइकाने फक्त डावा बूट परत पाठवलाय. किती नग लिहू?"

काकूंनी पेनाला टोपण लावलं. "काही लिहू नका. चहा मागवा, मी येतेच."