दाताखालची लवंग

लवंगमावशीच्या तोंडाला लवंगेचा वास आला, की खुशाल समजावं, बाई कुणाबद्दल तरी वाईट बोलायचं टाळते आहे. आमच्या मोशीच्या चर्चमध्ये हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. एखादी चहाडी, एखादा टोमणा जिभेच्या टोकाशी आला, की मावशी कनवटीची डबी काढायची, एक लवंग दाताखाली धरायची आणि ती पुरती चघळून होईपर्यंत तोंड उघडायची नाही. तिचं खरं नाव लीलाबाई. पण ते कंपनीच्या हजेरीपुरतंच उरलं होतं.

ती मूळची नगरकडची. नवरा लवकर गेला, तेव्हा पदरातल्या मुलाला घेऊन इकडे आली आणि चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चहाच्या काउंटरवर उभी राहिली. आमचं आणि तिचं दार समोरासमोर. ती आईची मैत्रीण, म्हणून माझी मावशी. जन्मानं तिची जीभ भलतीच तिखट होती, हे तीच सांगायची. तरुणपणी तिच्या बोलण्यानं सख्खी जाऊ दुखावली होती आणि ती जाऊ पुढं कधी तिच्या दारात आली नाही. बायबलातला जिभेवरचा अध्याय मावशीला तोंडपाठ होता, तो बहुधा तेव्हापासून.

मोठ्या पापांची तिला फारशी भीती नव्हती. “खून, चोरी मी काय करणार हाय का आता?” ती म्हणायची. “आगं, मोठं पाप दार वाजवून येतं, माणूस सावध होतंय. बारकं पाप चपला हातात घिऊन येतं. कवा घरात शिरलं, कळत न्हाई.” म्हणून तिचा सगळा पहारा बारक्यांवर. लांबलेल्या प्रार्थनेत डोळे किलकिले करून दुसरीची साडी बघणं, भजी चाखायच्या नावाखाली पोटभर खाणं, आपल्या उपासाची कुणाला मुद्दाम जाणीव करून देणं. आम्ही पोरी हसायचो. तीही हसायची, पण पहारा काही उठवायची नाही.

नाताळाच्या आधी भगिनी मंडळाच्या बायका करंज्या करायला एकत्र जमत. पीठ मळायला दहा हात आणि बोलायला दहा तोंडं. कुणाची सून, कुणाचा दीर, कोण अलीकडे उपासनेला येत नाही, सगळ्यांचा समाचार घेऊन व्हायचा. मावशी मधोमध बसून मुकाट करंजीला मुरड घालायची आणि लवंगेवर लवंग. आई म्हणायची, “लीला, डिसेंबरात तुझ्या तोंडाला मटणाच्या मसाल्याचा वास येतो बाई.” त्या घोळक्यात सगळ्यांत सुबक मुरड तिचीच असायची. तोंड बंद असलं की हात चालतात, हे तिचं म्हणणं.

एकदा मंडळातली एक बोलघेवडी बाई तिला भेटायला येणार होती. मावशी दमलेली. तिनं सुनेला सांगितलं, “मी घरात न्हाई म्हण,” आणि ते खोटं ठरू नये म्हणून स्वतः जिन्यात जाऊन उभी राहिली. बाई लिफ्टनं आली आणि लिफ्टनंच गेली. मावशी परत आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. संध्याकाळी तिनं त्या बाईला फोन करून सगळं सांगून टाकलं. “पाय भाईर व्हते, पण मन आतच व्हतं बघा,” असं म्हणाली. बाई महिनाभर फुगून बसली. मला तेव्हा मावशीचं फार कौतुक वाटलं होतं. आजही वाटतं, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

मला कासारवाडीचं स्थळ आलं. घराणं ख्रिस्ती, मुलगा दिसायला चांगला, आणि नेमका मावशीच्याच कंपनीत मशीनवर कामाला. आईला तर प्रार्थनेचं उत्तर मिळाल्यासारखं झालं. ती मला घेऊनच समोरच्या दारात गेली.

“लीला, तू रोज बघतेस की त्याला. कसा आहे गं पोरगा?”

मावशी गॅसजवळ उभी होती. तिनं डबी काढली. लवंग तोंडात टाकली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, “कामाला येतो. हुशार हाय. बाकी प्रभू बघंल.”

लवंग मीही पाहिली, आईनंही पाहिली. पण मुलाची आई मोठी तोऱ्यातली, ते सगळ्या नात्यागोत्यात माहीत होतं. आई जिन्यातच मला म्हणाली, “सासूबद्दल काहीतरी ओठांवर आलं असेल हिच्या. सासू काय, आज आहे उद्या नाही.” आम्ही दोघी हसत घरात आलो.

आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, उभे राहून वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कोणाची हरकत असेल तर त्यांनी आताच सांगावं. बहुतेकांना तो नुसता रिवाज वाटतो. लोक घसे खाकरतात, पोरी नवरीला कोपरानं ढोसतात. तिन्ही रविवार मावशी माझ्या पुढच्याच बाकावर होती. तिचा जबडा सावकाश हलताना मला मागून दिसत होता. पाळक जरा थांबायचे, कोणी उठायचं नाही, आणि गीत सुरू व्हायचं.

मावशीला काय ठाऊक होतं, ते मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. नवरा पीत होता. साधं नव्हे, सकाळपासून. पुढं हात उचलायला लागला. नोकरी गेली, माझे दागिने गेले, आणि आईबाबांची लाज राखायची म्हणून मी सोसत राहिले. शेवटी एका दुपारी बॅग घेऊन मोशीला परत आले, तेव्हा माझ्या डाव्या कानाला नीट ऐकू येत नव्हतं. ते अजूनही येत नाही.

त्याच संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. बसली नाही. दारातच म्हणाली, “रुथ, मला म्हाईत व्हतं. पिऊन आला म्हणून त्याला गेटवरून माघारी धाडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं व्हतं. चहाडी नको म्हणून गप बसले.”

आई काहीतरी तोडून बोलणार होती, पण बाबांनी तिला हातानं थांबवलं. मी म्हणाले, “जाऊ दे मावशी. माझा काही राग नाही. माझं नशीब.” बरं दिसतं ते बोलले. एवढ्या चांगल्या बाईला आणखी काय बोलणार?

त्यानंतर तिच्या तोंडाला लवंगेचा वास कधी आला नाही. बोलणंही कमी झालं. आणि एक मोठी गोष्ट झाली. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचा प्याला बाकांवरून फिरतो. आपण कुणाला दुखावलं असेल, तर आधी त्याची माफी मिळवावी आणि मगच ते घ्यावं, असा नेम. मावशी ते ताट हातात घ्यायची आणि तसंच शेजारणीकडे सरकवायची. जिनं बारक्यांतलं बारकं पाप निवडून काढलं, ती ताटापाशी रिकाम्या हातानं बसायची. पाळकांनी समजावलं, आईनंही मन मोठं करून समजावलं. मी तर कितीदा सांगितलं, “मावशी, मला राग नाही गं.” ती नुसती मान हलवायची.

गेल्या वर्षी तिच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसनं ती पार वाळून गेली, आणि मग डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. पाळक आपली छोटी पेटी घेऊन आले. आजाऱ्यांना ते घरी येऊन प्रभुभोजन देतात. मावशीनं हात जोडले आणि मान वळवली. त्यांनी प्रार्थना केली, पेटी मिटली आणि चाकणला दुसऱ्या एका आजाऱ्याकडे निघून गेले. मी उशाशी बसले.

“रुथ, एक इचारू? खरं सांगशील?”

“विचार ना.”

“माझा राग आला व्हता का न्हाई तुला?”

“नाही गं मावशी. किती वेळा सांगू?”

तिनं डोळे मिटले. “हेच बघ ते. हेच बारकं खोटं. इतकी वर्सं तू माझ्या हातावर हेच ठिवतीस. राग न्हाई म्हणतीस, मग माफ काय करणार? आन् तू माफ केल्याबिगर मी त्या ताटाला हात कसा लावू?”

“आला होता!” मी म्हणाले. “अजून येतो. आईनं तोंडानं विचारलं होतं तुला. पाळकांनी विचारलं. तू माझ्यासमोर बसून चघळत राहिलीस. तुझी जीभ स्वच्छ राहिली मावशी, आणि माझा कान गेला. एक शब्द बोलली असतीस तर काय गेलं असतं तुझं?” मी रडत होते. आवाज ऐकून सून दारात येऊन उभी राहिली.

मावशीचा चेहरा सैल पडला. कितीतरी वर्षांनी मी तो तसा पाहत होते. “व्हय,” ती म्हणाली. “बोलाया पायजे व्हतं. चुकलं माझं. आता कर माफ.”

“केलं,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

“पाळकसायेब लई लांब गेले का गं?”

मी फोन लावला. ते चाकणच्या चौकात ट्रकांमध्ये अडकले होते, पुढं जाता येत नव्हतं की मागं फिरता. येतो म्हणाले. यायला संध्याकाळ झाली. तोवर मावशीची शुद्ध येत-जात होती आणि पाणीही घशाखाली उतरत नव्हतं. पाळकांनी भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवला आणि तिच्या ओठांना लावला. पहाटे ती गेली.

तिचा मुलगा म्हणतो, कण लावला तेव्हा तिचे ओठ हलले. सून म्हणते, तिनं गिळलं. मातीला आलेल्या सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं, आणि लोकांचंही समाधान झालं. मी त्या वेळी तिचा हात धरून अगदी जवळ होते. तिनं तो कण घेतला, असं लिहायला माझा जीव किती तुटतो म्हणून सांगू! पण मला तसं दिसलं नाही.