घरामागच्या लिंबातला खिळा

उमरी स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माय पदरात तोंड घालून रडत होती आणि अप्पा डब्याच्या खिडकीसोबत चालत होते. गँगमन म्हणून जन्म काढलेला माणूस, मला निरोप देतानाही अर्धं लक्ष रुळांकडंच. म्हणाले, "नीट शिक. तिकडंच नोकरी लागली तर खुशाल ऱ्हा. मागं बघत बसू नको." मी ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. हैदराबादेत इंजिनिअर झाले, फ्लॅट झाला, माझी लेक तेलुगूत भांडते, आणि मायला फोन फक्त रविवारी.

आता गंमत बघा. नाशिकपासून नांदेडवरून पार राजमहेंद्रीपर्यंत गोदाकाठची शहरं जोडणाऱ्या वेगवान रेल्वेची आखणी आमच्याच ऑफिसात आली. स्क्रीनवरची रेघ सरकत सरकत आमच्या शिवारात शिरली, तीही वस्तीच्या अगदी मागून. तिथं रूळ खांबांवर नव्हते, मातीच्या उंच भरावावर होते. नकाशात म्हणे तिथवर पूर येतच नाही! आजवर पुराचं पाणी वस्तीतून मागच्या शेतांत पसरून जायचं. भराव पडला की ते वस्तीतच तुंबणार, आमची सगळी घरं पाण्यात.

मला खात्री होती, कारण आमच्या घरामागच्या लिंबाच्या खोडात एक खिळा आहे. मी जन्मायच्या आधी मोठा पूर आला, तेव्हा चिखलाच्या खुणेवर अप्पांनीच तो ठोकला होता. लहानपणी टाचा उंचावून मी त्याला दप्तर अडकवायची.

ऑफिसातल्या साहेबांना घेऊन गावी गेले. खिळा आता माझ्या छातीला लागत होता. साहेब हसले, "मॅडम, झाड वाढलं तसा खिळाही वर गेला असेल की!" खरं सांगते, क्षणभर मीही गडबडले. एवढी शिकलेली मी!

बाजेवर बसलेले अप्पा काठी टेकत उठले. "न्हाई साहेब. झाड शेंड्याला वाढतंय. खिळा ठोकला तिथंच ऱ्हातोय. मोजून घ्या."

मोजलं. जुन्या रेल्वेपुलावरच्या पुराच्या खुणेशी पातळी बरोबर जुळली. मग मी ऑफिसात लई भांडले, आणि भराव गेला. आता आखणीत तिथं खांब आहेत.

गावात राहिलेल्यांनो, लपवत नाही, गाडी आपल्या गावाला थांबणार नाही. पण पाण्याला वाट राहील, एवढी तजवीज मी केलीय. आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, माझी घरं आता दोन आहेत, त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. मी शेंड्याला वाढले, एवढंच.

परवा नव्या आखणीच्या मंजुरीची बातमी सांगायला गावी गेले. बोलता बोलता लॅपटॉपची बॅग खिळ्याला अडकवली, माझ्या ध्यानातही आलं नाही. माय परसातल्या चुलीपाशी होती. तिथूनच बॅगेकडं बघून म्हणाली, "आलीस का गं शाळेतून?"

"हाव माय," म्हटलं, "आले."