पहिल्या शुक्रवारची यादी

आमच्या देवळात वेदीमागच्या खोलीत भिंतीला एक यादी टांगलेली असते. आजारी, म्हातारी, ज्यांना रविवारी मिस्साच्या उपासनेला येणं होत नाही अशा माणसांची नावं तिच्यावर असतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली पातळ भाकर, पोचवायचा. पूर्वी फादर स्वतः जायचे, सोबत एखादी सिस्टर. मग सिस्टरांचा दवाखाना बंद पडला, त्यांच्या घराला कुलूप लागलं आणि फादरांवर शेजारच्या देवळाच्या धर्मग्रामाचाही भार आला. आता ते आमच्याकडे महिन्यातले दोनच रविवार असतात. म्हणून बिशपांच्या परवानगीनं ख्रिस्तप्रसादाची छोटी सोनेरी डबी गळ्यात घालून मोटारसायकलवर मी निघतो. एरवी माझं वसमतला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे.

ही यादी माझ्या हातात होती, आणि त्या हातानं मी काय केलं ते मला लिहून ठेवायचं आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्याला पत्र्याचा एक प्रार्थना हॉल झाला. तिथं कीबोर्ड होता, ड्रम होते, डोक्यावर हात ठेवून दुखणी बरी करणारे पास्टर होते. आमची घरं मुळात चाळीसेक, तीही पाच-सहा गावांत विखुरलेली. त्यातली एकेक करून तिकडे जाऊ लागली. आमच्या भजनात ढोलकी वाजवणारा गेला, तेव्हा मला फार लागलं. त्याच्या बोटांवर आमचा नाताळ उभा असायचा. त्याची आई यादीत होती. ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले. देवळाच्या पंचायतीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "ते घर गेलं आता तिकडं." मी काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी यादीवरची चार नावं खोडली, चारही 'गेलेल्या' घरांतली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. रागही निघाला आणि माझी फेरीही छोटी झाली.

यंदा हळदीच्या दिवसांत ढोलकीवाल्याच्या आईच्या, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्यांच्या गावात एका शेतावरची मोटार जळाली. शेतकऱ्यानं हळद शिजवायला काढली होती आणि पाणी बंद. मी दुपारी गेलो. मोटार खोलून गाडीवर बांधली आणि हात धुवायला गावातल्या नळावर थांबलो. तिथं मावशींची सून घागर भरत होती.

"आले का एकदाचे?" ती म्हणाली. "चला लवकर. म्हातारीनं सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला न्हाई."

"काहून? बरं नाही का त्यांना?"

"बरं काय, वाईट काय! पयला शुक्रवार न्हाई का आज?"

दुपारचे चार वाजले होते. मी सकाळीच उरलेली घरं आटोपून, काम झालं म्हणून खुशाल दुकान उघडलं होतं. माझ्या कोपरापर्यंत काळं ऑइल होतं. गळ्यात डबी नव्हती. मला घागरीतून पाणी सांडल्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नाही, एवढाच आताचा नियम. आजाऱ्यांना तोही नाही. पण मावशी जुन्या. उठल्यापासून पाणीसुद्धा नाही, असा त्यांचा उपास. मी कामाच्या सोयीनं कधी सकाळी जायचो, कधी दिवे लागायच्या सुमारास. म्हणून त्या दिवस मावळेपर्यंत थांबायच्या. मी नाव खोडल्यालाही सात महिने झाले होते. सात शुक्रवार.

"मला एक फोन तरी करायचा," मी म्हणालो. ऐकणाऱ्याला वाटेल दोष तिचाच.

"करू देत न्हाईत ना! म्हणतात, देवाला बोलावणं धाडायचं व्हय? त्याला घर ठाऊक हाय."

मी तिला 'आलोच' म्हटलं आणि मोटार तशीच मागं बांधलेली ठेवून देवळाकडे निघालो. नऊ किलोमीटर जायला, नऊ यायला. हात घासून धुतले, वेदीवरची ख्रिस्तप्रसादाची पेटी उघडली, डबी भरून घेतली. यादीकडे पाहिलं नाही.

परतलो तेव्हा ढोलकीवाला दारातच उभा होता. त्यानं मला आत जाऊ दिलं, पण आधी बोलला.

"मी गेलो म्हणून मायला बी काढलं का तुमी?"

"मला वाटलं—"

"तिला किती येळा म्हणलं, चल हॉलला, गाडीवर नेतो. न्हाई आली. म्हणली, माझं मानूस येतं शुक्रवारी. तुमी तर विचारलं बी न्हाई, दादा."

आत मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. समोरच्या स्टुलावर पांढरं कापड आणि न पेटवलेली मेणबत्ती. मी गुडघ्यावर बसलो, डबी उघडू लागलो. त्यांनी हात आडवा केला.

"थांब पोरा. मला न्हाई घेता येत."

"का मावशी?"

"राग धरलाय म्या तुझ्यावर. सात महिने. शिव्या बी दिल्या, लई वाईट वाईट. एवढा राग पोटात घिऊन त्याला कसा घिऊ? आधी फादरला आण. पापनिवेदन करू दे."

मी म्हणालो, पाप माझं आहे, तुमचं नाही. त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ. मी माझं बघते."

सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांनी विचारलं, "फादर येणार का आज?" मी म्हटलं, उद्या आणतो. तेव्हा कुठं त्यांनी घोटभर पाणी घेतलं. त्यातलंही अर्धं लुगड्यावर सांडलं. या बाईचे किती दिवस उरले असतील, हा विचार मला तिथं पहिल्यांदा आला. ऐंशीच्या पुढच्या माणसाला मी सात महिने ताटकळत ठेवलं होतं.

फादरांना फोन केला. सगळं सांगितलं, फक्त नाव मीच खोडलं ते सोडून. 'राहून गेलं' असं म्हणालो. एवढं झाल्यावरही माझ्या तोंडातून तेच निघालं.

शनिवारी सकाळी फादर जीपनं आले. आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली बसलो आणि ते आत मावशींजवळ. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली.

"मायची एवढी पापं?" ढोलकीवाला म्हणाला. "ऐंशी वर्षं साठवली काय?"

"अर्धी तुमचीच असतील," सून म्हणाली. दोघं हसले. मला हसता आलं नाही. आत जे पाप सांगितलं जात होतं, ते मी त्यांना करायला लावलं होतं.

मग आम्हाला बोलावलं. मेणबत्ती पेटली, मावशींनी ख्रिस्तप्रसाद घेतला. नंतर गुळाचा चहा पीत मला म्हणाल्या, "पुढल्या शुक्रवारी सकाळीच येत जा. आता उपास झेपत न्हाई." बस्स, एवढंच. मी हो म्हणालो.

परतताना मी जीपमध्ये फादरांच्या शेजारी होतो. गाव मागं पडल्यावर त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि तिथंच पापनिवेदन केलं. कालचं खोटंही सांगितलं. मला वाटलं, आता ते प्रार्थना सांगतील, क्षमा करतील. त्यांनी विचारलं, "अजून किती नावं खोडलीस?"

"चार. म्हणजे मावशी धरून."

"त्या घरी गेलास?"

मी गेलो नव्हतो. काल दुपारपासून मी फक्त मावशींच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याविषयी विचार करत होतो. उरलेली तीन नावं माझ्या डोक्यातच आली नव्हती. यादी बघायची टाळली होती, ती बहुधा याच भीतीनं.

फादरांनी गाडी सुरू केली. "जवळचं कोणतं?"

जवळचं घर एका आंधळ्या म्हाताऱ्याचं होतं, आणि तो हिवाळ्यात वारला होता. हे मला माहीत होतं. मातीला मी गेलो होतो. मुलगा हॉलला जाणारा, म्हणून प्रार्थना पास्टरांनी केली. मी मागं उभा राहून शेजाऱ्याला म्हणालोही होतो, "बघा, शेवटी तिकडचेच झाले." फादरांना मी तेही सांगितलं.

जीप दाराशी थांबली. फादर म्हणाले, तू आधी जा. त्या म्हाताऱ्याची बायको अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. नाव मीच खोडलं. विचारलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्यांना दिसत नव्हतं," ती म्हणाली. "रोज सकाळी वार इचारायचे. शुक्रवार म्हणलं की केस इंचरून मागायचे, सदरा बदलायचे अन् खाटेवर ताठ बसायचे. मला बघवंना गेलं. मग मी शुक्रवारला गुरुवार सांगू लागले."

मी खाली बसून सांडलेली डाळ सुपात वेचू लागलो.

"शेवटच्या दोन महिन्यांत त्यांच्या आठवड्यात शुक्रवारच न्हाई ठिवला म्या. मरायच्या दिवशी बी इचारलं. खोटं बोलले." ती माझ्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मी जास्त हादरलो. "दादा, तुमी देवळातले. नवऱ्याला असं खोटं सांगायचं, हे पाप हाय का? कुनाला इचारावं कळंना. पास्टरला सांगायची लाज वाटली."

मी नऊ वर्षं गळ्यात डबी घालून दारोदार गेलो होतो, पण पापाची क्षमा द्यायचा अधिकार फादरांचाच होता. उठून अंगणाच्या कडेला गेलो आणि जीपमध्ये बसलेल्या फादरांना हाक मारली.