गुरुवारच्या वाइन कुकीज

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात एक बाई वाइन घातलेल्या कुकीज शिकवायला आलेल्या. बायकोच्या हौसेपायी मीही गेलेलो. बाईंचं नाव मी केव्हाच विसरलो, नखरा मात्र विसरलेलो नाही. मोजायच्या आधी त्यांनी वाइन ग्लासात गोल गोल फिरवली, डोळे मिटून हुंगली, "आहाहा, फ्रूटी!" म्हणाल्या आणि सगळी मैद्यात ओतून टाकली. एवढे लाड करून शेवटी मळायचीच होती, तर हुंगायची कशाला?

पहिला ट्रे निघाला. चव म्हणाल, तर खोकल्याच्या औषधात बुडवलेली नानकटाई.

कळव्याहून आलेल्या एका मावशींनी विचारलं, "अहो, अंडं घालायचं राहिलं का?"

बाईंनी चटकन कानाला हात लावले. "आज गुरुवार ना! गुरुवारी मी अंड्याला शिवतसुद्धा नाही." आणि बोटावर ओघळलेली वाइन चाटून टाकली.

काय हे ढोंग! चांगलं सुनावणार होतो मी त्यांना. पण तोंडात तिसरी कुकी होती, आणि गुरुवार माझाही होता.