आमची बारकी डोळे मिटून ऐकायची

त्या दिवशी दुपारी आमच्या बारकीसमोर एक मुलगी उभी राहून बोलत होती आणि बारकी खिडकीजवळच्या स्टुलावर, पाठ भिंतीला टेकून, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, डोळे मिटून ऐकत होती. म्हणजे सगळ्यांना वाटलं ऐकतेय. वर्कशॉप मुलांनी भरलेलं होतं, कोणी घासतंय, कोणी ठोकतंय, भोक पाडायचं मशीन चालू, आणि एवढ्या सगळ्यांत एकालाही कळलं नाही की मॅडम गेल्या.

बारकी माझी धाकटी बहीण. नावाची बारकी, उंचीला माझ्यापेक्षा हातभर जास्त. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. माझे मालक गेल्यावर मी माहेरीच आले, तेव्हापासून आई, ती आणि मी, आम्ही तिघी एका घरात.

सकाळी अगदी ठणठणीत होती हो. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखतंय म्हणून एक शब्द नाही. बुटाची नाडी बांधता बांधता आईला म्हणाली, "आई, आज तुझी खुर्ची उठणार बघ." आई म्हणाली, "खुर्ची उठेल तेव्हा उठेल, आधी तू उठ. डबा इथेच राहिलाय." हसली, डबा घेतला, गेली. एवढंच. मी तेव्हा दाराकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, कशाला बघेन, रोजचंच जाणं.

संध्याकाळी फोन आला. कॉलेजात हत्यारांचं स्टोअर सांभाळणारे एक काका आहेत, मुलं त्यांना स्टोअरकाका म्हणतात, त्यांचा. "ताई, जरा या." मी म्हटलं, काय झालं? "जरा या, ताई." पुढे बोलेनात. मी गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही.

काय झालं ते काकांनीच सांगितलं. कुलूप लावायची वेळ झाली म्हणून ते आत आले. "मॅडम, चला, घर नाही का तुम्हाला?" बारकी बोलली नाही. काका म्हणाले, "आज डोळा लागला वाटतं." मुलं हसली. लंबू नावाचा एक मुलगा म्हणाला, "काका, शू, मॅडम विचार करतायत, त्रास देऊ नका." परत हसले सगळे. मग काकांनी खांद्याला हात लावला. आणि ती तशीच एका बाजूला कलली. हात खिशातच. ते बाहेर काढायला जोर लावावा लागला म्हणाले. हे त्यांनी मला सांगायला नको होतं. पण त्यांनाही कोणालातरी सांगायचं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढी पोरं होती, आंधळी होती का? नाही हो. तिची पद्धतच तशी होती. ती पद्धत कळल्याशिवाय त्या पोरांना दोष देऊ नका, म्हणून तर लिहितेय.

बारकी स्वतः शिकली तेव्हा पहिल्या नंबराने पास झाली. नात्यातले, शेजारचे, सगळे कौतुक करून गेले. आणि त्याच आठवड्यात घरातला दिवा गेला. हिने होल्डर उघडला, वायर बघितल्या, परत लावला, परत उघडला. वीज कशी वाहते ते सगळं तोंडपाठ, पण कुठली वायर कुठे खोचायची ते कळेना. आई अंधारात बसून म्हणाली, "पहिला नंबर आला आणि घरात काळोख." हे वाक्य आईने तिला जन्मभर ऐकवलं. पाहुणे आले की ऐकवायची. बारकी वरून हसायची, पण तिला ते लागलं होतं. मास्तरीण झाल्यावर तिने ठरवलं, माझी पोरं अशी काठावर बसून पोहणार नाहीत.

मग तिने तो कार्यक्रम सुरू केला. मुलं त्याला 'दारोदार' म्हणायची. चार-पाच जणांचा एक गट करायचा, कोणाच्यातरी घरी जायचं, तिथल्या माणसाला रोज काय अडतं ते बघायचं आणि वर्षभरात त्याच्यासाठी एक वस्तू बनवायची. कागदावर नाही, खरी. सुरुवातीला मुलं तोंडघशी पडायची. एका गटाने आमच्या गल्लीतल्या दृष्टी गेलेल्या आजोबांना बोंबलणारी काठी करून दिली. काही समोर आलं की काठी ओरडायची. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी परत दिली. म्हणाले, "बाबांनो, मला रस्ता कळतो. मला मोज्यांची जोडी कळत नाही, एक काळा एक पांढरा घालून फिरतो. पण तुम्ही विचारलं कुठे?" तेव्हापासून बारकीचा नियम, आधी घरात जाऊन बसा, बघा, मग बोला.

आणि दुसरा नियम म्हणजे तिचे ते खिसे. मुलांचं काम अडलं की मुलं धावत तिच्याकडे यायची. ती त्यांच्या मशीनला कधी हात लावायची नाही. हात खिशात कोंबायची आणि म्हणायची, "काय काय करून बघितलंस ते सगळं सांग." मुलगा सांगायला लागला की डोळे मिटायची. मी एकदा विचारलं, अगं पोरं काय म्हणत असतील, बाई झोपते म्हणून? तर म्हणाली, "ताई, डोळे उघडे ठेवले ना, की ती माझ्या तोंडाकडे बघत बोलतात. भुवई जरा हलली की लगेच, बरोबर का मॅडम? उत्तर माझ्या तोंडावर शोधतात. मिटले की मग मशीनकडे बघतात." आणि खरंच, निम्मी मुलं सांगता सांगताच मध्ये थांबायची, "अरे हो!" म्हणून पळायची. ती डोळे न उघडता नुसती गालात हसायची. मुलांनी नावच ठेवलं होतं गप्पमॅडम. तिला माहीत होतं. कोटाचे खिसे मात्र सारखे फाटायचे. मी शिवून देताना म्हणायचे, दगड भरतेस का गं यात?

आता ती मुलगी. तिला सगळे कुजबुज म्हणतात, कारण ती बोलली की शेजारच्यालाही ऐकू यायचं नाही. घरापासून लांब राहणारी, वर्गात तोंड न उघडणारी, मध्येच कॉलेज सोडून निघालेली. बारकीने तिला लंबूच्या गटात घातलं. बाकीच्यांनी काय केलं, हिचं अक्षर चांगलं आहे, ही फाइल लिहील. बारकी तिथेच भडकली. घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवली होती. "फाइल लिहायला मुलगी आणि पाना धरायला मुलगा, हे माझ्या वर्कशॉपात चालायचं नाही. लंबूशेठ, पेन धरा. तुमचं अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी चालेल." आणि पाना त्या मुलीच्या हातात दिला.

त्या गटाला घर मिळालं आमचं. बारकी आधी तयार नव्हती, लोक म्हणतील घरचं काम पोरांकडून करून घेते. आई चिडली. "का? मी माणूस नाही? माझी कंबर मोडलीय ती काय खोटी आहे?" आईला बसल्यावर उठता येत नाही. कोणीतरी बगलेत हात घालून उचलावं लागतं आणि ते तिला अजिबात आवडत नाही. एवढी ताठ बाई, बाथरूमला जायचं तरी हाक मारावी लागते. मुलं येऊन दुपारभर बसली. मग लंबूने वहीत बघत विचारलं, "आजी, तुमची उंची? वजन?" आई म्हणाली, "स्थळ आणलंय का?" मुलं लाजली. आई म्हणाली, "हे बघा, खुर्ची बसवतेच, तिला उठवायला शिकवा. पण हळू. मला उडवू नका." आणि झालंही तसंच, खुर्ची तयार झाल्यावर पहिल्या वेळी मुलांनी तिच्यात वाळूचं पोतं ठेवून बटण दाबलं आणि पोतं भिंतीवर जाऊन फुटलं.

तर त्या दिवशी ती खुर्ची अडली होती. मोटर फिरत होती, बैठक उठत नव्हती. कुजबुज बारकीसमोर जाऊन उभी राहिली. बारकी म्हणाली, "सांग." हा तिचा शेवटचा शब्द. तेवढाच. मुलगी सांगायला लागली, आणि लंबू म्हणतो, त्या दिवशी ती पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोलत होती की पलीकडच्या टेबलावर ऐकू येत होतं. बोलता बोलता तिलाच सापडलं, पट्टा ढिला होता. "मॅडम, सापडलं!" म्हणून ती पळाली. पट्टा ताणला, बटण दाबलं, पोतं घेऊन बैठक हळूहळू वर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, टेबलं बडवली. मॅडमनी डोळे उघडले नाहीत. पोरांना वाटलं, मुद्दाम. आपली जिरवतायत, फार नाचू नका म्हणून.

बारकीचं सगळं आटोपल्यावर ती मुलगी आमच्या घरी आली. लंबू तिला घेऊन आला होता. पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसली. मग म्हणाली, मला वाकून ऐकावं लागलं, "मावशी, मी बोलत होते तेव्हा मॅडम ऐकत होत्या का?"

मी तिच्या हातातला पेला काढून खाली ठेवला.

"मी कोणाशी बोलत होते, मावशी?"

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले, त्या मुलीसाठी गेले, खोटं कशाला सांगू, माझ्यासाठीही गेले. ते म्हणाले, "हृदय बंद पडलं. त्रास झाला नसेल. पण नेमकं कधी ते कोणीच सांगू शकत नाही हो." बारकीला मरताना कळलं का, तिला कोणाला हाक मारायची होती का, डोळे तिने मिटले की मिटले गेले. कोणी सांगू शकत नाही. मी अजूनही रस्त्यात चालताना मध्येच थांबते. लोक मागून येऊन धडकतात.

लंबू मधूनमधून फोन करायचा. कुजबुज वर्कशॉपात यायची बंद झाली. खोलीतच बसून असते, जेवायला हाका माराव्या लागतात, बोलत तर कोणाशीच नाही. बॅग भरून ठेवलीय म्हणाला. मी आईला सांगितलं. आईने लेक गेल्यापासून भिंतीकडे तोंड केलं होतं. ती तशीच पडून म्हणाली, "त्यांना सांग माझी खुर्ची आणून द्या. आणि पाना जिच्या हातात होता तिनेच आणायची. दुसऱ्या कोणी आणली तर मी बसणार नाही."

टेम्पोतून खुर्ची आली. लंबू, गटातले बाकीचे, स्टोअरकाका, आणि सगळ्यांच्या मागे ती. खुर्ची खिडकीपाशी ठेवली. आम्ही आईला बसवलं. बटण आईच्याच हातात. तिने दाबलं. बैठक हळूच वर यायला लागली, आईचे पाय जमिनीला टेकले, आणि कर्र आवाज करून मध्येच थांबली. ना बसलेली ना उभी. परत दाबलं. नुसतं गुरगुरलं.

माझे हात आपोआप आईच्या बगलेकडे गेले.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "मी काही पडत नाहीय. कुठंय ती? ये गं समोर."

मुलगी समोर आली. ओठ पांढरे पडलेले.

"काय काय करून बघितलंत ते सगळं सांग," आई म्हणाली. आणि बारकी आमची हिच्याच पोटची ना, आईने खुर्चीत मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

"आजी डोळे मिटू नका!"

केवढ्याने ओरडली! काकांच्या हातातली हत्यारांची पेटी आपटली. पलीकडच्या घरातून कोणीतरी डोकावलं. आईने दचकून डोळे उघडले. तिला कळलं. मलाही कळलं.

"बरं बाई," आई म्हणाली. "नाही मिटत. हे बघ." आणि डोळे एवढे मोठे केले की मला दुसरा कुठला दिवस असता तर हसू आलं असतं. "टक्क उघडे आहेत. बोल आता. आणि मोठ्याने बोल, मला कमी ऐकू येतं."

आईला सुई पडलेलीसुद्धा ऐकू येते.

मुलगी बोलायला लागली. आधी नुसते ओठ हलले. मग आवाज फुटला. पट्टा ताणलाय. मोटर नवी आहे. पोतं ठेवून पुन्हा पुन्हा उठवून बघितलं, एकदाही अडलं नाही. पोतं आजींच्याच वजनाचं होतं. पोतं मधोमध ठेवलेलं होतं. आजी...

थांबली. आईकडे बघायला लागली, तोंडाकडे नाही, कमरेकडे. आई कायम उजव्या अंगावर कलून बसते, डाव्या बाजूला मोडलंय ना.

"पोत्याचं काही दुखत नाही," मुलगी म्हणाली. "आजींचं सगळं वजन एका बाजूला येतंय. तिकडची पट्टी घासतेय." आणि खाली बसली, मग आडवीच झाली, खुर्चीखाली डोकं घातलं. "लंबू, पाना दे. तो नाही, लहान."

लंबूने दिला. काका भिंतीकडे वळून चष्मा पुसायला लागले. मी आईचा हात धरला, उचलायला नाही, नुसता. आई तशीच अधांतरी, डोळे ताणून समोर बघत. त्यातून पाणी यायला लागलं, तरी मिटेना.

"अगं, झोंबायला लागले," ती म्हणाली. "आता मिटू का?"

खुर्चीखालून आवाज आला, "अजून नाही, आजी."