खिडकीवर मावशीची दस्ती

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन आजारी माणसं एका जीपमध्ये बसवा, हिंगोलीहून अकोल्याला किमोला धाडा, परत येईपर्यंत ढीग लागतो. सांगायला त्राण उरत नाही, एवढंच!

मी सुनंदा, एसटीत कंडक्टर, सध्या आजारी रजेवर. दुसरे सेनगावचे वामनराव, बऱ्यापैकी शेती, पिळदार मिशा. तिसरी कौसामावशी. तिचं खेडं कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, म्हणून ती सगळ्यात शेवटी चढते. गाडी सलीमभाईंची.

मावशीला उलटीसाठी खिडकी लागते. वामनरावांनाही लागते. पण मावशी पक्की एसटीची प्रवासी. जीप दारात थांबली की आधी खिडकीतून तिची दस्ती आत! सीटवर रुमाल पडला, की जागा धरली.

वामनराव पहिल्याच दिवशी भडकले. "ही काय एसटी हाये?"

"कंडक्टर बसली हाये न मागं. इचारा तिला."

मी काय सांगणार? "दस्ती पडली, जागा गेली. सरका तिकडं!"

*

किमोनं वामनरावांचे केस गेले आणि मागोमाग मिशाही. आमच्याकडं माणूस डोकं-मिशी उतरवतो ते घरात कुणी गेल्यावर. गावानं त्यांना ओट्यावर तसं बसलेलं पाहिलं आणि दुपारपर्यंत अंगण भरलं. पाहुणे डोळे पुसत म्हणाले, "वामनराव, म्हातारीच्या मातीला आमाला सांगावा न्हाई धाडला?"

आत त्यांची म्हातारी आई तूर निवडत होती. तिथूनच ओरडली, "मला बी कोनी सांगितलं न्हाई, बाबा!"

*

माझ्या पायांना मुंग्या येतात, मग तळवे बधिरच होतात. एकदा दवाखान्यातून निघालो, जीपमध्ये बसलो, वाशीम मागं पडलं. कनेरगाव नाक्यावर चहाला उतरले तर सलीमभाई माझ्या पायांकडं बघताहेत.

"मॅडम, एकच चप्पल?"

दुसरी अकोल्यातच राहिली होती आणि मला पत्ता नाही! मला रडूच आलं. चपलेचं नव्हतं ते. आयुष्यभर चालत्या गाडीत तोल सांभाळत उभी राहिलेली बाई मी, आणि आता पायात काय आहे तेही कळत नाही.

मावशीनं खिडकीतून डोकं काढलं. "ही कशाला ठिवून राहिली? पुढल्या खेपंला तिथंच टाक. ज्याला ती घावली, त्याची जोडी तरी व्हईल!"

*

मावशीचा खरा छळ तोंडाचा. जीभ, गाल, घसा, सगळीकडं फोड. नर्सनं सांगितलं, औषध चढताना बर्फ चघळा, तिखट बंद. तेव्हापासून सलीमभाई वाटेत ढाब्यावर बर्फ फोडून थर्मासमध्ये भरून घेतात.

एकदा वॉर्डात मावशीच्या पिशवीत ठेचा सापडला. हिरवागार, लसणाचा! नर्स तापली. "मावशी, हे काय?"

"खाऊन न्हाई राहिले, बाई. नुसती पाहून राहिले."

खरंच नुसती पाहत होती. मला तर फोडणीचा वास आला तरी मळमळतं. त्या दिवशी मात्र मीही तिच्याबरोबर ठेचा पाहत बसले.

*

मग एका खेपेला परतताना मावशी बोललीच नाही. पाणीसुद्धा झोंबत होतं. उतरताना पदर तोंडावर धरून कसंबसं म्हणाली, "आता मला घ्याया येऊ नका. बस झालं."

तिच्या दोनच किमो राहिल्या होत्या. अर्ध्यात सोडलं तर दुखणं काय करतं, हे आम्हा तिघांनाही चांगलं ठाऊक. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फोड भरेपर्यंत तारीख पुढं ढकलली, गुळण्यांचं औषध बदलून दिलं. मावशीच्या सुनेनं कळवलं, तोंड बरं आहे, पण आत्या नाहीच म्हणतात.

तरी त्या सकाळी जीप तिच्या दारात नेली. मावशी ओसरीवर भिंतीला टेकून, तोंडावर पदर. वामनरावांनी हात जोडले. सलीमभाईंनी थर्मास उचलून दाखवला. मावशी ढिम्म! मला समजावण्याचाही कंटाळा आला होता. आपल्याच घरच्यांना रोज हसून दाखवायचं, वर हिची मनधरणी. माझंही अंग आदल्या रात्रीपासून मोडून आलं होतं.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. गाडीला टाइम झाला. वामनराव, तुमी खिडकीला बसा."

 वामनराव गुमान खिडकीला जाऊन बसले. मी आत चढले, दार ओढलं आणि सवयीनं पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल बेल! सलीमभाईंनी गिअर टाकला.

तेवढ्यात खिडकीतून वामनरावांच्या मांडीवर दस्ती येऊन पडली.